जिनिव्हातील उमेदवारीचा एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



ज्या बालवाडीत मी पाटीवर अक्षरे गिरवली, तिच्याच दालनात आज उभी राहून मला बोलावयाचे आहे. आणि तेही ज्या मावश्यांनी आणि काकूंनी माझी वेणी घातली, त्यांच्यापुढे. तेव्हा हे व्याख्यान आहे असे कृपा करून कोणी समजू नये. चिटणीसबाईंनी मला विचारले, "अगं, तू त्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत राहून आलीस. तिथे ही माणसे दिवसभर करतात तरी काय? आम्हाला तर नुसती बोलताना दिसतात." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका दिवसाची हकीकत सांगून देणार आहे. एकच दिवस अशासाठी की, तेथले बरेचसे दिवस सारखेच असतात, आणि एक नीट कळला म्हणजे बाकीचे कळल्यासारखेच.

हा दिवस २०१९ सालच्या जानेवारीतला. नोकरी सांभाळून मी एम. ए. झाले होते आणि जिनिव्हा येथे, मानवी हक्कांचे काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत, तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून गेले होते. इंटर्न म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवार. पूर्वी पेढीवर किंवा वकिलाच्या कचेरीत मुलगा उमेदवारीला ठेवीत, तसेच हे. काम शिकावे, सांगतील ते करावे, आणि मागच्या बाकावर बसून मोठ्यांचे चालणे-बोलणे न्याहाळावे.

जिनिव्हात सभा भरतात ती इमारत म्हणजे पॅले दे नासिओं, राष्ट्रांचा प्रासाद. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघासाठी तिचे बांधकाम १९२९ साली सुरू झाले आणि १९३८ च्या सुमारास ते पुरे झाले. म्हणजे शांततेसाठी बांधलेले घर तयार होते न होते, तोच दुसरे महायुद्ध पेटले. भोवती मोठा बगीचा आहे, आणि त्यात चक्क मोर हिंडतात. परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, कचेरीच्या वाटेवर आपला मोर आडवा गेला म्हणजे मनाला किती बरे वाटते ते काय सांगू!

सकाळी आठला ट्रामने उतरले तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. फाटकासमोरच्या चौकात बारा मीटर उंचीची एक प्रचंड लाकडी खुर्ची उभी आहे. तिचा एक पाय मधेच तुटलेला आहे. भूसुरुंगांनी ज्यांचे हातपाय गेले त्यांची आठवण म्हणून ती १९९७ साली तेथे उभी केली. त्या खुर्चीखाली रोज कोणी ना कोणी फलक घेऊन उभे असते. त्या दिवशी एक प्रौढ बाई उभ्या होत्या. हातात एका तरुणाची तसबीर. सोबतच्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला थांबवले आणि विचारले, "तुम्ही आत लिहिण्याचे काम करता ना? मग आईचे म्हणणे लिहून घ्या. माझ्या भावाला घेऊन गेले, तो परत आला नाही."

भगिनींनो, आत मी लिहीत होते हे खरे. पण त्या दिवशी सभागृहात राष्ट्रांचे प्रतिनिधी जे बोलतील तेवढेच. चौकातल्या बाईंचे बोलणे त्या कागदावर येऊ शकत नव्हते. मला एवढेच करता आले की, बेपत्ता केलेल्या माणसांच्या नातलगांकडून अर्ज घेणारा संयुक्त राष्ट्रांचा एक गट आहे, तो १९८० सालापासून काम करतो, हे त्या मुलीला सांगितले आणि त्याचा पत्ता तिच्या वहीत लिहून दिला. तिने आभार मानले. त्या बाई मात्र काही बोलल्या नाहीत. आत जाताना माझ्या मनात चिटणीसबाईंचाच प्रश्न होता: इथे ही माणसे करतात तरी काय?

त्या दिवशीचे काम असे होते. जगातील प्रत्येक राष्ट्राने आपल्या घरी माणसांचे हक्क कसे पाळले जातात याचा हिशेब साधारण चार-पाच वर्षांनी एकदा इतर राष्ट्रांपुढे द्यावयाचा, अशी पद्धत २००८ सालापासून चालू आहे. तिला सार्वत्रिक नियतकालिक आढावा म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. लहानमोठे, गरीबश्रीमंत, सगळे त्याच खुर्चीत बसतात. आपल्या देशाची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ साली येऊन गेली. मी सांगते त्या सकाळी एका लहानशा बेटाच्या राष्ट्राची पाळी होती. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण सांगावयाची गोष्ट त्या एकाची नाही. काही लहान राष्ट्रांना जिनिव्हात स्वतःची कचेरी ठेवणेसुद्धा परवडत नाही. अशांचे प्रतिनिधी येऊ शकावेत म्हणून २०१२ सालापासून एक निधी ठेवलेला आहे.

बरोबर नऊला काम सुरू झाले. सभागृह भव्य आहे. छतावर एका स्पॅनिश चित्रकाराने असे काही रंगकाम केले आहे की, रंगीत लोलक डोक्यावर लोंबत आहेत असे वाटावे. कडेला काचेच्या खोल्यांत दुभाषे बसतात. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश अशा सहा भाषांत बोलणे चालते. बोलणारा बोलत असतानाच दुभाष्याला तर्जुमा करावा लागतो. ते काम डोक्याला इतके शिणवणारे की, दर अर्ध्या तासाने माणूस बदलतो.

सारा कारभार साडेतीन तासांचा. त्यातली सत्तर मिनिटे ज्याचा आढावा असेल त्या राष्ट्राची, आणि एकशेचाळीस मिनिटे बाकीच्यांची. बोलणारे शंभर झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला चौऱ्याऐंशी सेकंद येतात! वेळ संपली की ध्वनिक्षेपक बंद. मग तो राजदूत असो की मंत्री. कोणी आधी बोलावे याचे भांडण नको म्हणून चिठ्ठी टाकून एक अक्षर काढतात आणि तेथून वर्णानुक्रमाने सुरुवात करतात. आपल्या भिशीत चिठ्ठी काढताना जी शांतता पसरते, तिची मला तेथे हटकून आठवण होई.

बोलणारा प्रत्येक जण चौऱ्याऐंशी सेकंदांत दोन-चार शिफारशी करतो. मुलींना शाळेत अमुक सोय करावी, तुरुंगांची तपासणी करावी, बायकांना मारहाण होते त्याविरुद्ध कायदा करावा, अशा. माझे काम काय, तर प्रतिनिधीने लिहून दिलेला मजकूर पुढे ठेवून तो बोलतो आहे ते ताडून पाहावयाचे, आणि फरक दिसला की खूण करावयाची. तेथल्या बहुतेक भाषणांच्या माथ्यावर छापलेलेच असते की, मजकूर प्रत्यक्ष भाषणाशी ताडून पाहावा. म्हणजे कागद दुय्यम, बोललेले खरे.

पहिल्या आठवड्यात मला हे काम कारकुनी वाटले होते. मग आमच्या शाखेतल्या ज्येष्ठ बाईंनी मला जवळ बसवून सांगितले, "नामांकडे पाहू नकोस, क्रियापदाकडे पाहा." तेव्हापासून मला निराळेच दिसू लागले. एक राष्ट्र म्हणते, "कायदा करावा." दुसरे म्हणते, "कायदा करण्याचा विचार करावा." तिसरे म्हणते, "या दिशेने प्रयत्न चालू ठेवावेत." ऐकताना तिन्ही सारखीच वाटतात. पण "करावा" म्हटले की पाच वर्षांनी विचारता येते, केला की नाही? "विचार करावा" म्हटले की उत्तर तयारच असते, विचार चालू आहे. आणि "प्रयत्न चालू ठेवावेत" म्हणजे तर शाबासकीच! जे स्नेही असतात ते मऊ क्रियापद वापरतात, आणि ज्यांना खरेच काही व्हावे असे वाटते ते कठीण वापरतात. साऱ्या जगाचे राजकारण त्या एका शब्दात येऊन बसलेले असते.

साडेबाराला सुट्टी झाली. तेथील उपाहारगृहातून आल्प्सची बर्फाची शिखरे दिसतात. पण जिनिव्हा फार महाग गाव. मी घरून थालीपीठ नेत असे. आम्ही निरनिराळ्या देशांचे आठ-दहा उमेदवार एका मेजाभोवती बसत असू, आणि बोलणे शेवटी पैशावर येई. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात उमेदवाराला वेतन नसते, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आम्ही ते समजूनच गेलो होतो. २०१५ साली एक परदेशी उमेदवार जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहतो अशी बातमी जगभर गाजली, तेव्हापासून या गोष्टीची चर्चा पुष्कळ झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आपल्या उमेदवारांना खर्चापुरते पैसे देते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून ते सुरू केले. मी माझी दोन वर्षांची शिल्लक आणि आजीची मुदतठेव यांवर ते तीन महिने काढले. त्या मेजाभोवती पाहिले म्हणजे मनात येई की, ज्यांच्या घरी अशी ठेव नाही त्या मुली येथे कशा यावयाच्या? आणि त्या आल्या नाहीत, तर त्यांच्या घरातली गोष्ट कोणाला माहीत असणार? हा विचार मी तक्रार म्हणून मांडत नाही. आपल्यापैकी कोणाची मुलगी अशा ठिकाणी जावयास निघाली, तर तिच्या हुशारीबरोबर खर्चाचाही विचार आधी करावा, एवढ्यासाठी सांगते.

दुपारी आम्ही तळ्याकाठच्या पॅले विल्सन या इमारतीत आलो. आमची बसण्याची जागा तेथे होती. सकाळच्या शिफारशींची यादी करण्याचे काम चालू होते. माझ्या खुणांमध्ये एक खूण महत्त्वाची होती. एका मोठ्या राष्ट्राच्या लेखी मजकुरात होते की, घरात होणाऱ्या मारहाणीविरुद्ध कायदा करावा. बोलताना मात्र त्यांचा प्रतिनिधी म्हणाला होता, कायदा करण्याचा विचार करावा. इंग्रजीत "कन्सिडर" हा एकच शब्द जास्तीचा. बोलताना चुकून आला, की रात्रीतून कोणी सांगितले म्हणून आला, देव जाणे.

मी ज्येष्ठ बाईंना दाखवले. त्यांनी ध्वनिमुद्रण काढून दोनदा ऐकले, आणि त्या राष्ट्राच्या कचेरीला विचारणा केली. माझ्या मनात काय होते ते सांगते. मला वाटत होते, त्यांनी लेखीच कायम म्हणून सांगावे. मारहाण म्हणजे काय हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. चाळीत भिंती पातळ असतात. रात्री पलीकडून आवाज येतो आणि सकाळी नळावर तीच बाई, जिन्यात पाय घसरला म्हणून सांगते. तो एक शब्द कागदावरून गळून पडावा असे मला फार वाटत होते.

साडेपाचला उत्तर आले: बोललेले कायम. मी ज्येष्ठ बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तुझे मत तुझ्या घरच्या वहीत लिही. येथे जे बोलले गेले तेच लिहावयाचे. आज आपण आपल्या आवडीचा शब्द घातला, तर उद्या दुसरा कोणी त्याच्या आवडीचा घालील. मग या कागदावर विश्वास कोण ठेवील?" मला ते पटले. मी "विचार करावा" असेच लिहिले, आणि पुढच्या ओळीकडे वळले. त्या ओळीत त्या बेटाच्या शेजारच्या एका चिमुकल्या राष्ट्राची शिफारस होती. तीच, पण स्पष्ट: कायदा करावा. त्या राष्ट्राच्या प्रतिनिधी एक बाई होत्या. आपल्या सेकंदांपैकी निम्मे त्यांनी या एकाच वाक्यासाठी खर्च केले होते.

पुढे काय झाले? आढाव्यातील राष्ट्राला प्रत्येक शिफारशीवर सांगावे लागते की, ती मान्य आहे, की तिची केवळ नोंद घेतली आहे. काही महिन्यांनी, मी घरी आल्यावर, त्यांचे उत्तर वाचले. "विचार करावा" ही शिफारस मान्य. "कायदा करावा" हिची नोंद घेतली. वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. मात्र दोन्ही वाक्ये छापील अहवालात राहिली. पुढच्या पाळीला ते पान उघडून विचारता येईल की, विचार करण्याचे कबूल केले होते, तो विचार कोठवर आला?

एका शब्दाने काय होते असे कोणाला वाटेल, तर हंसाबेन मेहता यांची गोष्ट सांगते. त्या मूळच्या सुरतेच्या. मुंबईत त्यांनी सार्वजनिक काम केले, आणि आपल्या महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरूही होत्या. १९४७-४८ साली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४७ च्या डिसेंबरात तो आयोग जिनिव्हातच भरला होता. मसुद्याच्या पहिल्या कलमात "ऑल मेन" असे शब्द होते, सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत. बाकीच्यांचे म्हणणे असे की, "मेन" मध्ये बायका आल्याच. हंसाबेन म्हणाल्या, नाही. उद्या कोणी याचा अर्थ बायकांना वगळून लावील. त्यांनी आग्रह धरला आणि "ऑल ह्यूमन बीइंग्ज", सर्व मानव, असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दांसह. आज जगात कोठेही तो उघडला तर पहिल्या कलमात आपण सगळ्या आहोत, त्या बाईंच्या हट्टामुळे.

आता कोणी म्हणेल, शब्द राहतात, पण माणसाचे काय? प्रश्न खोटा नाही. आपल्याच देशाचे पाहा. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. आणि ती द्यावी असे आपल्याला प्रत्येक आढाव्यात सांगण्यात आले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची पाळी होती, तर तिची जागा रिकामीच राहिली. बोलावून कोणी आला नाही, तर त्याला ओढून आणणारा शिपाई या संस्थेकडे नाही. तिच्यापाशी आहे ती सभा, आणि सभेचे लेखन. मी तीन महिने मागच्या बाकावर बसून एवढे शिकले की, हे थोडे आहे, पण काहीच नाही असे नव्हे. ज्याला जाब विचारावयाचा त्याने काय कबूल केले होते हे जर कोठेच लिहिलेले नसेल, तर चौकातल्या त्या बाईंच्या हाती तसबिरीशिवाय काहीच उरत नाही.

आणि म्हणून, अध्यक्षीणबाईंची परवानगी घेऊन, दोन गोष्टी मंडळापुढे मांडते.

पहिली अशी. आपल्या देशाचा आढावा असतो तेव्हा देशातल्या कोणत्याही संस्थेला आपले म्हणणे लेखी पाठवता येते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मान्यताप्राप्त संस्था असावे लागत नाही. एका संस्थेने पाठवावयाचा मजकूर इंग्रजीत २८१५ शब्दांत बसला पाहिजे, आणि तो आढाव्याच्या बऱ्याच आधी पोहोचावा लागतो. २८१५ शब्द म्हणजे आपल्या चिटणीसबाईंचा वार्षिक अहवाल! आपल्या वस्तीतल्या मुली सातवीनंतर शाळा का सोडतात, कामावर जाणाऱ्या बायकांची तान्ही मुले दिवसभर कोठे असतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? ते लिहावे. जवळपासच्या दोन-चार मंडळांनी मिळून लिहिले तर आणखी बरे. इंग्रजी करून देण्याचे काम माझे.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे, तेव्हा लहान तोंडी मोठा घास म्हणून रागावू नये. या भाषणाची तयारी करताना मी मंडळाची इतिवृत्ताची वही वाचली. अक्षर मोत्यासारखे आहे. मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहासंबंधीचा आपला ठराव तीन वर्षे त्या वहीत आहे. पहिल्या वर्षी, "संबंधितांना भेटण्याचा विचार करावा." दुसऱ्या वर्षी, "विचार चालू ठेवावा." तिसऱ्या वर्षी, "पाठपुरावा करीत राहावे." (हशा) जिनिव्हाचे राजदूत वाचतील तर आपल्याला आपलेच समजतील!

माझी सूचना एवढीच की, यंदाच्या ठरावात क्रियापद बदलावे. "भेटावे," असे लिहावे. कोणी भेटावे त्या दोघी-तिघींची नावे लिहावीत, कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावे, आणि पुढच्या सभेत तेवढेच पान उघडून विचारावे. त्या दोघी-तिघींत माझे नाव घालावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.